बिनकुलपाच्या दाराची तिसरी आवृत्ती

आधीच सांगून ठेवलेलं बरं, की ही गोष्ट कुणालाही खरी वाटायची नाही. एका ख्रिस्ती मंडळीने एकमताने एक पुस्तक निवडलं. ते सगळ्यांनी वाचलेलं होतं, काहींनी तर दोन-दोनदा. त्यावरून मंडळीत तट पडले, शेजारच्या मंडळीत त्याचं भाषांतर सुरू झालं, पुस्तकवाल्याकडे आवृत्तीवर आवृत्ती संपली. आणि त्या पुस्तकाचं एक पानसुद्धा कधी कुणी छापलेलं नव्हतं! नाही ना पटत? पटू नये अशीच गोष्ट आहे. पण न पटणाऱ्या गोष्टी ऐकायला मनाई कुठे आहे? कानाला काही जकात पडत नाही.

सुरुवात झाली ती एका घड्याळापासून. प्रार्थनामंदिराच्या मागे एक लहानशी खोली होती. मंडळीच्या बैठका तिथेच व्हायच्या आणि भिंतीवरचं घड्याळ दर बैठकीत हमखास बंद पडायचं. घड्याळ बंद म्हणजे बैठक संपायची वेळच व्हायची नाही. शेवटी वैतागून पाळकसाहेबांनी घड्याळजींना बोलावलं.

या घड्याळजींची कोपऱ्यावर चिमुकली टपरी होती, आणि गावभर त्यांची ख्याती दोन गोष्टींसाठी होती. मेलेलं घड्याळ त्यांच्या हातात गेलं की चालू व्हायचं, आणि रविवारी उपदेश सुरू झाला की ते स्वतः बंद पडायचे. आमेन म्हणायलाच जागे व्हायचे. त्यांच्या घोरण्यालासुद्धा एक शिस्त होती. मंडळीत ऑर्गन वाजवणाऱ्या बाई कौतुकाने म्हणायच्या, “सूर जातो, पण ठेका सुटत नाही हो त्यांचा!”

हसायची सगळीजणं; भोगायची ती घड्याळजींची बायको. तिचा सारा जीव मंडळीत. उपासना सुटली की बायका तिला गाठायच्या. “वहिनी, आज मिस्टर कुठल्या वचनाला झोपले?” तीही हसून साजरं करायची. घरी आल्यावर मात्र कपबशा अशा काही आवाजात ठेवायची, की घड्याळजी चहा न मागताच टपरीकडे पळायचे.

तर त्या संध्याकाळी घड्याळजी स्टुलावर उभे होते. एका डोळ्याला भिंग, तोंडात एक स्क्रू, आणि खाली पुस्तक समितीची बैठक. दरवर्षी पुस्तकांचा रविवार यायचा आणि त्याआधी ही समिती भांडायची. खोलीत पुस्तकांचं एक कपाट होतं. वरचा कप्पा भक्तीचा, मधला अभ्यासाचा, खालचा आध्यात्मिक वाढीचा. वाढीचा कप्पा जरा बुटका होता, कारण तिथे येईपर्यंत सुताराची फळी संपली होती. या वर्षी पाळकसाहेबांच्या डोक्यातून नवी कल्पना निघाली होती. तीन कप्प्यांसाठी तीन पुस्तकं घ्यायची नाहीत. एकच पुस्तक, सगळ्या घरांतून तेच वाचायचं. नियम मात्र जुनाच होता. ज्याने पुस्तक स्वतः वाचलंय, त्यानेच ते सुचवायचं.

“भक्तीचं पुस्तक घ्या,” ऑर्गनवाल्या बाई म्हणाल्या. “रोज एक पान. चहा निवायच्या आत वाचून झालं पाहिजे.”

“चहा निवायच्या आत देव भेटतो होय?” सेक्रेटरी म्हणाले. मंडळीचे सेक्रेटरी म्हणजे विद्वान माणूस. दोन वाक्यांच्या मधल्या जागेतसुद्धा ते विद्वान दिसायचे. “अभ्यासाचंच हवं. जाडजूड. पानाच्या निम्म्यापर्यंत तळटीपा. मी सुचवतो ते सहा खंडांत आहे.”

“तुम्ही सहाही वाचलेत?”

“वाचतोय.”

“कितवा?”

“पहिल्याची प्रस्तावना चालू आहे. प्रस्तावनेतच इतकं आहे, की पुढे जावंसंच वाटत नाही.”

“तेच तर म्हणते मी! पुढे जावंसं न वाटणारं पुस्तक घ्यायचंच कशाला?”

पाळकसाहेबांनी हात वर करून दोघांनाही थांबवलं. “भक्ती हवी, अभ्यासही हवा. पण माणूस वाढला पाहिजे हो! वाचून झाल्यावर जो होता तिथेच उभा राहिला, तर त्याला पुस्तक कशाला म्हणायचं? स्टूल म्हणा.”

स्टूल म्हटल्यावर सगळ्यांच्या नजरा स्टुलाकडे गेल्या, आणि स्टुलावर घड्याळजी होते.

“काय घड्याळजी?” पाळकसाहेब सहज म्हणाले. “तुम्ही सध्या काय वाचताय?”

घड्याळजींनी शेवटचं काही वाचलं असेल तर ते तेलाच्या बाटलीवरचं लेबल, आणि तेही अर्धंच. “काही नाही” एवढं म्हटलं असतं तर तिथेच विषय संपला असता, ही गोष्टही संपली असती. पण माणसाचं नशीब चहाच्या वेळेला येतं. नेमकं त्याच क्षणी दार ढकलून त्यांची बायको चहाचा ट्रे घेऊन आत आली. प्रश्न तिच्या कानावर पडला. ती जागच्या जागी थांबली. कपांतला चहासुद्धा थांबला. ऑर्गनवाल्या बाईंच्या ओठांवर ते ओळखीचं हसू उमटू लागलं, आणि बायकोने मान खाली घातली.

घड्याळजींना ती खाली गेलेली मान बघवली नाही. त्यांनी तोंडातला स्क्रू काढला आणि इकडेतिकडे पाहिलं. समोर तेच पुस्तकांचं कपाट. किल्ली हरवली म्हणून त्याचं कुलूप कधीकाळी फोडलेलं, आणि तेव्हापासून दार उघडंच लोंबत होतं.

“बिनकुलपाचं दार,” घड्याळजी म्हणाले.

“काय?”

“पुस्तकाचं नाव. ‘बिनकुलपाचं दार’. तेच वाचतोय सध्या.”

बायकोने मान वर केली. संपलं! ती मान वर झालेली पाहिली आणि घड्याळजींना मागे फिरायची वाटच उरली नाही.

“भक्तीचं आहे का?” ऑर्गनवाल्या बाईंनी संशयाने विचारलं.

“सकाळी वाचलं तर भक्तीचं,” घड्याळजी म्हणाले. जीभ एकदा उताराला लागली की तिला ब्रेक कुठले? “दुपारी वाचलं तर अभ्यासाचं.”

“आणि वाढ?” पाळकसाहेब पुढे झुकले.

“ती आपोआप होते. वाचताना कळतच नाही.”

“लेखक कोण म्हणालात?” सेक्रेटरींनी विचारलं.

“नाव नाही घातलेलं.”

“का बरं?”

“नम्रपणामुळे.”

तिन्ही कप्प्यांत बसणारं पुस्तक आणि वर असा नम्र लेखक! आता कुणीतरी ‘आम्ही तर कधी ऐकलं नाही बुवा’ म्हणेल आणि आपण सुटू, म्हणून घड्याळजी स्टुलावर वाट बघत उभे राहिले. पण सेक्रेटरी आजवर कुठल्याही पुस्तकाबद्दल असं म्हणाले नव्हते. त्यांनी डोळे मिटून संथपणे मान हलवली.

“वाचलंय मी ते. पूर्वीच. दोनदा.”

“मीसुद्धा!” ऑर्गनवाल्या बाई मागे कशाला राहतील? “नाव विसरले होते इतकंच. काय तो शेवट! उशी भिजली होती माझी.”

शेवट कसा आहे, हे त्यांनाच विचारून घ्यावं असं घड्याळजींना फार वाटलं. पण धीर झाला नाही.

“चला, प्रथमच दोघांचं एकमत झालं!” पाळकसाहेब हर्षाने म्हणाले. “लेखकाचं नाव कळलं असतं तर बरं झालं असतं.”

“मला ठाऊक आहे,” सेक्रेटरींनी आवाज खाली आणला. “जुनी ओळख आहे. पण कुणाला सांगणार नाही असा शब्द दिलाय.”

ठराव पास झाला. घरी जाताना घड्याळजींची बायको त्यांच्या बरोबरीने चालली. एरवी ती दोन पावलं पुढे असायची.

आता दुसऱ्या दिवशी पुस्तक मागवायला फोन जाईल आणि बिंग फुटेल, असं तुम्हाला वाटणार. घड्याळजींनाही तसंच वाटलं होतं. पाळकसाहेबांनी त्यांना मुद्दाम समोर बसवून शहरातल्या धार्मिक पुस्तकांच्या दुकानात फोन लावला. पण त्या पुस्तकवाल्याची एक खोड होती. अमुक पुस्तक माहीत नाही, असं म्हणणं तो धंद्यातलं सगळ्यात मोठं पाप समजायचा.

“‘बिनकुलपाचं दार’ ना?” फोनमधून आवाज आला. “अरेरे, साहेब! कालच शेवटची प्रत गेली हो. दुसरी आवृत्ती यायचीये. नाव लिहून घेतो.”

पाळकसाहेबांनी आदराने घड्याळजींकडे पाहिलं. घड्याळजींनी फोनकडे पाहिलं. क्षणभर त्यांच्या मनात आलं, असेलही बाबा छापलेलं! आपल्याला काय माहीत जगात काय काय छापतात?

मग मंडळीतले एकेक जण आपापले फोन लावू लागले. शेजारच्या मंडळीला सुगावा लागला, त्यांनीही लावले. मागणी बघून पुस्तकवालाच चक्रावला. त्याने माल पुरवणाऱ्याला फैलावर घेतलं, “एवढं खपणारं पुस्तक माझ्याकडे का नाही?” माल पुरवणाराही त्याच गुरूचा चेला. “दुसरी आवृत्ती बांधणीतूनच उचलली लोकांनी. आता तिसरीच बघा!” शेजारच्या मंडळीने तर परभाषेतल्या पाहुण्यांसाठी भाषांतर करायला एक मास्तर नेमला. मास्तर रोज दोन पानं उरकतो, असं त्यांचे लोक सांगायचे. कशावरून उरकतो, ते कुणी विचारलं नाही.

“तिसरी येईपर्यंत थांबणं काही खरं नाही,” पाळकसाहेब एके दिवशी टपरीवर येऊन म्हणाले. “तुमच्याकडे प्रत आहे. रविवारी एक अध्याय वाचून दाखवा.”

“प्रत एका गिऱ्हाइकाने नेलीये,” घड्याळजींनी भिंग लावूनच उत्तर दिलं. डोळे झाकायला भिंगाइतकी सोयीची वस्तू नाही. “आणि गिऱ्हाईक गेलंय परदेशी.”

“मग तोंडीच सांगा! इतकं जीव लावून वाचलेलं तुम्ही विसराल होय?”

“सांगतील हो!” मागून आवाज आला. जेवणाचा डबा घेऊन बायको आली होती. “न सांगायला काय झालं?”

रविवारी घड्याळजी मंडळीसमोर उभे राहिले. डोक्यात काही नव्हतं. तेव्हा हातात जे होतं तेच त्यांनी सांगितलं. एक माणूस घड्याळ घेऊन आला. मेलं म्हणाला, फेकून द्यायचं म्हणाला. घड्याळजीने कानाला लावलं, उघडून पाहिलं. आत सगळं जिथल्या तिथे. फक्त कित्येक दिवसांत कुणी किल्ली दिली नव्हती. “तर... लेखक म्हणतो,” घड्याळजींनी घाम पुसला, “की देवाकडे बिघडलेली माणसं कमीच येतात. किल्ली न दिलेलीच फार.”

मागच्या बाकावरून नाक ओढल्याचा आवाज आला. मग दुसरा. पाळकसाहेबांनी त्या दिवशीचा स्वतःचा उपदेश आखडता घेतला. आजवर असं कधी घडल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

“उत्तम सांगितलंत,” बाहेर आल्यावर सेक्रेटरी खांद्यावर हात ठेवून म्हणाले. “फक्त माझ्या आवृत्तीत हा मजकूर पुढच्या अध्यायात आहे.”

झालं! तेव्हापासून दर रविवारी एक अध्याय. शनिवार उजाडला की घड्याळजी घरात येरझाऱ्या घालू लागायचे. कच्चा माल आणायचा कुठून? म्हणून ते पहाटे उठून घरातलं बायबल उघडून बसू लागले. हेतू काही पवित्र नव्हता. उचलेगिरी करायची, आणि कुणाला ओळखू येणार नाही इतकी तोडमोड करून खपवायची. पण चोरी करायला शिरलेला माणूस त्या घरातच रमून जावा, तसं झालं त्यांचं. वाचता वाचता ते चोरायचं विसरायचे. एक दृष्टान्त उचलायला गेले तर पुढचे तीन वाचून उठायचे. रविवारी उपदेशात झोप येईना, कारण पाळकसाहेबांकडूनही काही हाताला लागतंय का, हे बघायचं असे. ऑर्गनवाल्या बाई तक्रार करू लागल्या, “ठेका गेला हो आमचा.”

आणि बायको? ती आता बायकांच्या घोळक्यात मधोमध उभी राहायची. “आमच्या ह्यांना म्हणजे पहाटे वाचल्याशिवाय चहा गोड लागत नाही,” हे ती इतक्या सहज म्हणायची, की ऐकणारणीला आपला नवरा जरा फिकाच वाटू लागायचा. कपबशा आवाज न करता खाली ठेवल्या जायच्या. घड्याळजी हे सगळं बघायचे आणि त्यांच्या काळजात कुणीतरी बारीक पेचकस फिरवायचं. हिला जर कळलं! बाकी मंडळीने हसावं, त्याची सवय होती. पण त्या घोळक्यात हिची मान पुन्हा खाली गेली तर?

त्यातच दाराचं भांडण निघालं. आता पुस्तकाचं नाव ‘बिनकुलपाचं दार’. घड्याळजींनी कुठल्याही अध्यायात दाराचा उल्लेखही केला नव्हता. विसरूनच गेले होते ते. पण अभ्यासवर्गात कुणीतरी विचारलं, “हे दार आत उघडतं की बाहेर?”

“आत!” सेक्रेटरी म्हणाले. “माणसाने आधी आपल्या आत जागा करायची असते. दुसऱ्या अध्यायात स्पष्ट आहे.”

“बाहेर!” ऑर्गनवाल्या बाई कडाडल्या. “प्रीती बाहेर पडते. आत कोंडून ठेवायला ती काय लोणचं आहे? चौथा अध्याय वाचा.”

“चौथा वाचलाय मी!”

“मग डोळे उघडे ठेवून वाचा!”

पुढच्या रविवारी आतवाले डावीकडे बसले आणि बाहेरवाले उजवीकडे. ऑर्गनवाल्या बाई आपल्या बाजूने तोंड करून वाजवायच्या. डावीकडची मंडळी मुद्दाम एक ओळ मागून गायची. एक ठरलेलं लग्न मोडायला आलं, कारण मुलगी आतली निघाली आणि मुलगा बाहेरचा. दोन्ही बाजूंची माणसं टपरीवर येऊन घड्याळजींना दरडावू लागली, “तुम्ही सांगाच, दार कसं उघडतं?”

“मी... मी अजून तिथवर आलो नाही,” घड्याळजी म्हणायचे.

शेवटी एका दुपारी टपरी बंद करून ते पाळकसाहेबांकडे गेले. आज सगळं ओकून टाकायचं, असा पक्का निर्धार करून गेले.

“पाळकसाहेब, कबूल करायचंय. ते पुस्तक...”

“मला ठाऊक आहे,” पाळकसाहेब कळवळून म्हणाले.

“ठाऊक आहे?” घड्याळजींचा जीव भांड्यात पडला.

“तट पडल्याचं तुम्ही मनाला लावून घेतलंय. तुमचा चेहराच सांगतोय. अहो, पण तुमचा काय दोष?”

“माझाच दोष! ते पुस्तक मुळात...”

“मुळातच खोल आहे! खोल पुस्तकावरून माणसं भांडायचीच. तुम्ही आता एक अक्षर बोलू नका. मी मार्ग काढलाय. पुस्तकांच्या रविवारी खुद्द लेखकालाच बोलावलंय. तोच सांगेल दाराचं काय ते.”

“कुणाला बोलावलंय?”

“लेखकाला. सेक्रेटरींची ओळख आहे ना! आणि हो, यापुढे पुस्तकांच्या कपाटाचे प्रमुख तुम्हीच.”

घड्याळजींना बसायला स्टूलच मिळालं.

सेक्रेटरींचं काय झालं होतं, ते पुढे सगळ्यांना कळलंच. पुस्तक आहे, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. सगळं गाव वाचत होतं! फक्त आपण वाचलं नाही आणि लेखकाला ओळखत नाही, एवढंच त्यांचं गुपित. पाळकसाहेबांनी गळ घातल्यावर त्यांनी चहूकडे शोध घेतला. लेखक काही सापडेना. तेव्हा त्यांनी आपल्या साडूला गाठलं. साडू जुन्या सामानाच्या लिलावात बोली पुकारायचा. आवाज असा, की मोडकी खुर्चीही बसण्यालायक वाटावी. त्याला पांढरी दाढी होतीच. घड्याळजींनी रविवारी सांगितलेले सगळे अध्याय सेक्रेटरींनी त्याच्याकडून घोकून घेतले. “मूळ लेखक फार नम्र आहे,” त्यांनी साडूची समजूत घातली. “तो काही ‘मीच खरा’ म्हणत यायचा नाही.”

शनिवारी संध्याकाळी घड्याळजींची बायको त्यांच्या सदऱ्याला इस्त्री करत होती. घड्याळजी दारात घुटमळले.

“अगं...”

“काय?”

“समजा, म्हणजे आपलं समजा हं, एखाद्या माणसाने वाचलंच नसेल काही...”

“उद्या ऑर्गनवाल्या बाईंनी मला पहिल्या रांगेत जागा धरलीये,” बायको इस्त्रीवरून नजर न काढता म्हणाली. “स्वतः घरी येऊन सांगून गेल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. काय म्हणत होतात तुम्ही?”

“काही नाही. कॉलर नीट कर म्हटलं.”

पुस्तकांच्या रविवारी प्रार्थनामंदिरात मुंगीला शिरायला जागा नव्हती. शेजारची मंडळी आली होती, भाषांतर करणारा मास्तर आला होता. तिसऱ्या आवृत्तीची हमी मिळते का बघायला पुस्तकवालाही जातीने हजर होता. पुस्तकांचं कपाट घासूनपुसून पुढे आणून ठेवलं होतं आणि तिन्ही कप्प्यांत एकेका पुस्तकाची जागा मोकळी सोडली होती. पहिल्या रांगेत घड्याळजी, शेजारी बायको.

आणि लेखक आला. पांढरी दाढी, अंगात लांब कोट, चाल अशी की जणू मागून कुणी दिवे धरलेत. सगळी मंडळी उठून उभी राहिली. घड्याळजींच्या हिशेबी सगळ्या सभेत एकच माणूस असा होता, ज्याला पक्कं ठाऊक होतं की हा माणूस असूच शकत नाही. आणि त्या एकाच माणसाला तोंड उघडायची सोय नव्हती.

लेखक बोलू लागला. काय तो आवाज! किल्लीचा अध्याय त्याने असा सांगितला, की घड्याळजींच्या स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आलं. आपण इतकं चांगलं रचलं होतं, हे त्यांना आजच कळलं.

“आता एक प्रश्न,” पाळकसाहेब हात जोडून म्हणाले. “आमची मंडळी दुभंगलीये हो. ते दार आत उघडतं की बाहेर?”

डावीकडे सेक्रेटरी घामेघूम झाले, कारण हा प्रश्न घोकून घ्यायचं राहूनच गेलं होतं. पण लिलावात मुरलेला माणूस तो. दोन बोलींच्या मधला भाव त्याला न दिसला तरच नवल. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि दोन्ही हात हवेत हळूच बाजूला नेले.

“ते दार,” तो म्हणाला, “सरकतं.”

काय सांगावं! डावीकडून आमेन उठलं, उजवीकडून हालेलूया. सेक्रेटरी आणि ऑर्गनवाल्या बाई एकमेकांची क्षमा मागू लागले. मोडायला आलेल्या लग्नाची दोन्हीकडची माणसं बाकांवरून उड्या मारून मिठ्या मारू लागली. पुस्तकवाल्याने तिथल्या तिथे चौथी आवृत्ती जाहीर केली. घड्याळजींनी डोळे मिटून मनापासून आभार मानले. तट मिटले, लाज राहिली, बायको पहिल्या रांगेत आहे ती आहेच. सुटलो बाबा! आता या माणसाने खाली बसावं.

पण टाळ्या मिळालेला माणूस कधी वेळेवर खाली बसलाय?

“जाता जाता,” लेखक म्हणाला, “माझ्या सगळ्यात लाडक्या अध्यायाबद्दल सांगतो. मागच्या रविवारी तुम्ही तो ऐकलात म्हणे. चष्म्याचा अध्याय. बाई सगळं घर पालथं घालते, चष्मा सापडत नाही. शेवटी थकून देवाला हाक मारते. आणि देव म्हणतो, बाई, नुसते हात वर कर. ती हात वर करते, तर चष्मा डोक्यावरच!”

सभा मायेने हसली.

“हे माझ्याच घरी घडलं,” लेखकाने दाढी कुरवाळली. “ती बाई म्हणजे माझी बायको. चष्मा डोक्यावर आणि ही कपाटं उपसतेय! काय सांगू तुम्हाला? मूळचीच जरा मंद.”

सभा खदखदून हसली.

“खोटं!”

हसणं मध्येच तुटलं. घड्याळजींना वाटलं, गेलं, शेवटी आपल्याच तोंडून निसटलं. त्यांनी चाचपून पाहिलं. तोंडावर तर हात घट्ट होता. मग शेजारी पाहिलं. शेजारची जागा रिकामी होती. जागेची मालकीण उभी होती, आणि तिने पदर खोचला होता.

“मंद कुणाला म्हणता हो? तो चष्मा माझा! कपाटं मी उपसली, आमच्याच स्वयंपाकघरात! हे दारात उभे राहून बघत होते, आणि रविवारी इथे येऊन तेच पुस्तकातलं म्हणून सांगून मोकळे झाले!”

“वहिनी, अहो वहिनी, बसा,” सेक्रेटरी धावले. “तुमचा गैरसमज होतोय. पुस्तकात आहे ते. मी स्वतः दोनदा...”

“काय दोनदा? पुस्तकच नाहीये!” बायकोचा आवाज कपाटाच्या तिन्ही कप्प्यांत घुमला. “आवृत्ती नाही, लेखक नाही, आणि ते तुमचं सरकणारं दार, तेही नाही! थाप आहे ती, शुद्ध थाप. शनिवारभर घरात येरझाऱ्या घालून ह्यांनी रचलेली, माझ्या देखत! पण आमच्या घरची थाप आहे, म्हटलं. तिच्यावर दुसऱ्या कुणी आपलं नाव घालायचं काम नाही!”